खाल्लेले दाते

ताईने गुंडाळलेली तार तपासणीतून कधी परत आली नाही. बिनतारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात अँटेना म्हणजे ताईची तार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. एक वेढा जरी तिरका पडला तरी ती सगळी तार उसवून पुन्हा गुंडाळायची, कुणी बघत नसलं तरी.

मग धाकटी बहीण शिकून तिथेच लागली, तीही वरच्या मजल्यावर, खुर्चीत. तिने तांब्याच्या रेघेची अँटेना आखली. रेघेला दाते, दात्यांना बारीक दाते, त्यांना आणखी बारीक. रेघ लांबलचक, पण मावायची काडेपेटीएवढ्या पट्टीवर, आणि पकडायची तीन वेगवेगळ्या लहरी. ताईच्या तारेला एकच जमायची.

वडील येईल त्याला कपाटावरची ती पट्टी दाखवायचे. ताईची तार असलेलं यंत्र त्याच कपाटावर होतं. त्यावर ते चष्मा ठेवायचे.

पट्टी चाचणीत उतरली तर तार बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. आणि पट्ट्या करायच्या कुणी? ताईनेच. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी चिकटवून तो द्रावणात सोडायचा. उघडं तांबं द्रावण खातं, झाकलेलं उरतं. वेळेत काढला नाही तर काठही कुरतडले जातात. ताईचा पत्रा कधी कुरतडला गेला नव्हता.

पण पट्टी काही उतरेना. टेबलावर ठीक चालायची, यंत्राच्या पेटीत घातली की तिन्ही लहरी खाली घसरायच्या. पेटीचं प्लास्टिक आयत्या वेळी जाड केलं होतं. धाकटी पट्टीवरची रेघ कापून पाही, तर एक लहर जागेवर येई आणि दुसरी बिघडे. तिचा चेहरा उतरला. ताईला त्या दिवसांत जेवण गोड लागत होतं.

अखेर धाकटी खाली आली आणि पहिल्याच नक्षीची एक पट्टी मागून गेली. साहेबांसमोर शेवटची चाचणी द्यायची होती, म्हणून जपून कर म्हणाली.

जपून कर, हे ताईला सांगायचं! तिने पत्रा द्रावणात सोडला आणि समोर घड्याळ टांगलेलं असताना हाताची घडी घालून बसली. वेळ झाली. ती उठली नाही. पत्रा काढला तेव्हा सगळ्यांत बारीक दाते द्रावणाने खाल्ले होते. तिने तो धुतला, पुसला आणि वर पाठवला. आयुष्यातलं पहिलं वाईट काम, पण तेही तिने नीट पुसून दिलं.

संध्याकाळी धाकटी पट्टी हातात घेऊनच खाली आली. पेटीत तिन्ही लहरी जागच्या जागी आल्या होत्या. दाते झिजल्याने रेघ जरा आखूड झाली होती, आणि नेमकी तेवढीच हवी होती.

वाईट करायला गेली, तेही हिच्याच पदरात पडलं.

धाकटीने बोटाने काठ चाचपला. मग हळूच विचारलं, "ताई, घड्याळ बघायला विसरलीस, की बघत बसलीस?"

विसरले म्हणणं सोपं होतं. पण विसरणाऱ्या बाईच्या हातचं काम, हा शिक्का ताईला सोसवला नसता.

"बघत बसले."

धाकटी स्टूल ओढून शेजारी बसली. "मग किती वेळ, ते तुलाच ठाऊक. सगळ्या पट्ट्या तशाच लागतील."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. अर्धी गुंडाळलेली तार बाजूला सारली आणि पत्रा उचलला.