ओळंब्यात लावलेले वेल

आवानो शिगेनोरी मूळचे आमच्या योइची गावचेच, सफरचंदवाल्या आवानोंचे थोरले. तीस वर्षं तोक्योत इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झाले आणि वडिलांची बाग तोडून वाइनची द्राक्षं लावायला परतले. येताना शहाणपण तेवढं पोतंभर घेऊन आले.

इथे वेल तिरका लावतात, बुंधा जवळजवळ जमिनीला टेकलेला. थंडीच्या तोंडावर तारांवरून सोडवून आडवा केला की वर बर्फ पडतं आणि त्या दुलईखाली वेल तगतो. आवानोंनी मात्र ओळंबा धरून दोनशे वेल ताठ उभे केले. वर आमच्या बांधावर थांबून मला म्हणाले, "वहिनी, तुमचे वेल प्यायल्यासारखे दिसतात हो."

"प्यायलेले नाहीत, निजायला निघालेत," मी म्हटलं.

पहिली दोन वर्षं वेल ठेंगणे, आपसूक बर्फाखाली गेले. तेवढ्यावर स्वारी फुगली. मंदिरात भिक्षूंसमोर सांगून टाकलं, की वडिलांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला वेदीवर माझ्याच मळ्यातली वाइन ठेवीन. बुद्धासमोर दिलेला शब्द!

तिसऱ्या हिवाळ्याआधी आमचे हे मुद्दाम जाऊन सांगून आले, की अजून वाकवून बघा. त्यांनी दोन वाकवले, दोन्ही कडाकड मोडले. मग उरलेल्यांना पेंढा गुंडाळून तसेच उभे ठेवले. बर्फ कमरेएवढं आणि वेल डोक्याएवढे. गेल्या एप्रिलात काड्यांवरचे फुटव्याचे डोळे चिरून पाहिले, तर आत सगळे करपलेले. बुंधे जगले, पण शरदात द्राक्षाचा एक मणी नाही.

श्राद्ध आठवड्यावर आलं तसे आवानो आमच्या दारात हजर. एक बाटली हवी होती, बिनलेबलाची.

"बाटली न्या," मी म्हटलं, "पण लेबल आमचंच राहील."

"वडिलांना काय कळतंय, वहिनी?"

"कळत नसेल तर ठेवता कशाला?"

बाटली घेऊन गेले. आज श्राद्धाला बघते, तर वेदीवर बाटली आहे आणि लेबल भिंतीकडे. पाठ संपून उदबत्ती लावायची माझी पाळी आली. मी उदबत्ती लावली, हात जोडले आणि बाटली फिरवून ठेवली.

भिक्षूंनी वाकून लेबल वाचलं आणि विचारलं, "ही तुमच्या मळ्यातली ना?"

"नाही, या हाताकेयामा वहिनींची," आवानो मान खाली घालून म्हणाले. "माझी अजून व्हायची आहे."

कशी होणार? लावणीचा मे उलटत आला, अजून एक वेल नव्याने तिरका लावलेला नाही.