नागपूरकडे तोंड केलेली तार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे छतावरची एरियलची तार फिरवणं. बायको खाली अंगणात तारेचं वेटोळं धरून उभी, मी वर बांबूला लटकलेला. कार्तिकातली संध्याकाळ. आमच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यावर चुलींचा धूर तरंगत होता, त्यात ती घडीत दिसायची, घडीत नाही.

मी रियासतीच्या फौजेत तारा ओढायचो. शिक्षण चार बुकं, पण तारेचं मला कळायचं. रियासत विलीन झाली, आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा लोकांच्या छतांवर एरियल बांधून देऊ लागलो. प्रत्येकाला तेच सांगायचो. वरची तार हवेतल्या लहरी धरते, ती एरियल. दुसरी जमिनीत पुरायची, ती अर्थिंग. तिथली माती ओली ठेवा, नाहीतर नुसती खरखर ऐकाल. आणि लांब तारेला कुशीकडून, म्हणजे आडव्या बाजूने, चांगलं ऐकू येतं, टोकाकडून कमी. स्टेशन जिकडे, तिकडे टोक करू नका.

आणि माझ्याच घरी टोक सरळ नागपूरकडे! नागपूर तिचं माहेर. "माहेराकडे तोंड करायचं सोडून कूस कसली करता?" म्हणाली. समजावलं, ऐकेना. बांधली तशीच. मग वर्षानुवर्षं नागपूर लागायचं ते पाण्याखालून कुणी बोलावं तसं.

तार फिरवली त्या छप्पन साली राज्यांची उलटापालट झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळ.

"माझं माहेर परमुलखात गेलं हो."

"मुलूख गेला. लहर कुठे जाते?"

तिला छातीचं दुखणं, प्रवास बंद. थोरल्या भावाची भेट आता व्हायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. अशात त्याचं कार्ड आलं, की नागपूर रेडिओवर भजन गाणार आहे, संध्याकाळी. कार्ड दोनदा वाचून म्हणाली, "फिरवा तुमची तार."

"का? आता कूस चालते?"

"टोमणे खाली उतरून मारा. आधी गाठ घट्ट बांधा."

दूरचं स्टेशन दिवस बुडाल्यावरच लागतं. लहर आभाळाला टेकून खाली येते म्हणतात. तार फिरवून झाली तशी आम्ही रेडिओसमोर बसलो. खरखर विरत गेली आणि एक म्हातारा आवाज आला. फुगायचा, विझायचा, परत यायचा, जसा झोक्यावर बसून कुणी गातंय. सांगणाऱ्याने गाणाऱ्याचं नाव घेतलं, नेमकं तेव्हाच सगळं बुडालं.

"दादाच ना हो?"

"मला काय ठाऊक? भजनी सगळे सारखेच ओरडतात."

मी असा फटकळ. ती डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसली. भजन संपलं तरी बोटं चालूच होती. मग उठून अंथरुणं घातली.

सकाळी ती उठली नाही.

शेजारच्या बाया तिच्याजवळ बसल्या आणि मी तिच्या माहेरी तार करायला बाड्यावर, चौकातल्या तारघरात गेलो. तिथला बाबू म्हणाला, "बाबा, नागपूर अब बंबई राज में है, वही लिखूँ?"

"लिखो." तिच्या जाण्याचं त्याने लिहून घेतलं.

"और कुछ?"

आयुष्यात ज्याची खात्री नाही ते कधी बोललो नव्हतो. आज म्हटलं, "एक ओळ आणखी घाला. मराठीत. काल तिने दादाचं भजन पूर्ण ऐकलं."