तिसरा पुकारा

अंबडच्या कोर्टात वसंता पट्टेवाला पुकारा करायचा तेव्हा पक्षकार तर उठायचाच, पण स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघणारे दोघं-चौघंही उगाच उभे राहायचे. एकतीस वर्षं त्यानं लोकांची नावं पुकारली. रीत साधी होती: तीनदा पुकारायचं, ओ आली नाही की ‘गैरहजर’ असा शेरा पडायचा.

निवृत्तीनंतर हा गळा घरी आला. चहा हवा असला की तो ओसरीवरून विचारायचा, “सगुणाबाई हाजिर?” बायको आतून शांतपणे म्हणायची, “गैरहजर.” तिसऱ्या पुकाऱ्याला मात्र कप यायचा.

त्या चहाला कोर्टातला जुना टायपिस्ट तातेराव ठरलेला. त्याचा देवावर भरवसा नव्हता, सगुणाबाईच्या चहावर होता. दर ईस्टरला तो वसंताची उलटतपासणी घ्यायचा.

“मेलेला माणूस उठला म्हणता. तुमच्या बायबलात त्याची चार शुभवर्तमानं, म्हंजे चार जबान्या. एकीत कबरीपाशी एक देवदूत, दुसरीत दोन. खरं कोणतं?”

“तात्या, जबान्या तूच टाइप केल्यास ना? चौघं साक्षीदार शब्दाला शब्द बराबर बोलले की साहेब काय म्हणायचे?”

“पढवलेले हायेत.”

“मंग? आन् रचूनच सांगायचं असतं तर रिकाम्या कबरीची पहिली साक्ष बायांची ठेवली असती का? त्या काळात बाईच्या साक्षीला कोण विचारत होतं?”

“आताबी कोण विचारतंय,” आतून सगुणाबाई.

जानेवारीत सगुणाबाई गेली.

ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात उपासना असते. पुनरुत्थानाचा पाठ दरवर्षी वसंताच वाचायचा, कारण त्याला माईक लागत नसे. यंदा तो चर्चच्या पाळकांना नाही म्हणून आला. ऐकल्या ऐकल्या तातेराव ओसरीवर हजर. चहा वसंतानंच केला, आणि तो चहा होता हे सांगावं लागलं.

“का न्हाई म्हणलास?”

“तीन महिने हाक मारून राह्यलो, तात्या. ओ येत न्हाई. मलाच पटंना, ते लोकांना काय वाचून दाखवू?”

इतक्या वर्षांचा वाद असा आयता जिंकायला मिळत होता. तातेरावनं कप खाली ठेवला.

“मला तर आजबी पटलेलं न्हाई. पण तुझी ती साक्षीदार, मरिया, तिला तरी कुठं पटलं होतं? कबरीपाशी रडून राह्यली होती. उठलेला तो पुढ्यात उभा, तर माळी समजली. मंग ओळखलं कशानं?”

“त्यानं नावानं हाक मारली.”

“पट्टेवाला असून इसरलास व्हय? तिनं पुकारा केलाच न्हवता. पुकारा तिकडून आल्ता.”

पहाटे वसंतानं पाठ वाचला. पहिल्यांदाच त्याच्यापुढं माईक सरकवावा लागला. मग सगुणाबाईच्या कबरीवर मेणबत्ती लावून तो हळूच म्हणाला, “सगुणाबाई हाजिर?” थांबला. पुन्हा म्हणाला.

‘नुसता सोबतीला’ आलेला तातेराव मोजत होता. “तिसरा?”

“तिसरा मी केला तर शेरा पडंल. तिसरा त्यानं करायचा.”

यावर हरकती घेण्यासारखं पुष्कळ होतं. तातेरावनं एकही घेतली नाही. वारा ज्या बाजूनं येत होता, तिकडं मेणबत्तीला हात आडवा धरून तो बसून राहिला.