सासूबाईंचा कडुलिंब

लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी गेलो आणि दुसऱ्याच दिवशी मेलो. निदान गावानं तरी तसंच धरलं होतं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. सासर कयाधू नदीच्या काठी. मेहुणा किसन गळ घेऊन निघाला, तसा मीही रुबाबात मागं लागलो. (तोवर मी मासा पकडला होता तो फक्त ताटात!) काठावर बसलो, दोरीला हिसका बसला आणि मी सगळा जीव लावून काठी उपसली. दोरी तुटली, अन् गळाला लागलेलं जे काही होतं ते डोक्यावरून मागच्या गवतात पडलं. ते शोधायला हात घातला, तर बुळबुळीत काहीतरी वळवळलं आणि बोटातून खांद्यापर्यंत कळ गेली.

"साप!" एवढंच ओरडता आलं.

किसननं माझ्या दंडाला उपरणं आवळलं आणि पाठुंगळीला मारून मारुतीच्या देवळात आणून टाकलं. साप चावलेल्याला तिथंच आणायची रीत. हिंगोलीचा दवाखाना बैलगाडीनं गाठेपर्यंत मी उरणार नव्हतो. तोंडाला कोरड पडली, हात सुजू लागला. मला खरंच मरायचं नव्हतं.

सासूबाई कडुलिंबाचा पाला घेऊन धावत आल्या. पाला कडू लागला तर माणूस वाचला, नाही लागला तर विष चढलं, ही परीक्षा मलाही ठाऊक होती. पण त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला आणि विचारलं, "जावईबापू, कसं लागून राहिलं?"

सासरी पानात वाढलेल्याला नावं ठेवायची नाहीत, ही आईची ताकीद. जीभ जळत होती तरी तोंडातून निघून गेलं, "लई चांगलं लागतंय, मामी."

एकच आकांत झाला! बायको खांबाला धरून खाली बसली. मी "कडू आहे, कडू आहे" म्हणून घसा फोडू लागलो, तर म्हातारे म्हणाले, विष डोक्यात गेलं, बरळतोय. गावचा मांत्रिक विष काढायला म्हणून बोट कापायला वस्तरा घेऊन पुढं सरकला, तेव्हा मी डोळेच मिटले.

तेवढ्यात, साप मारायला नदीवर परत गेलेला किसन तुटकी दोरी हातात धरून आला. तिला एक काळा, मिशाळ मासा लटकत होता.

"साप न्हाई. ह्या शिंगीनं काटा मारला दाजींना."

मी जगलो. पण माझ्या जिभेवरचा सासरचा विश्वास मात्र उडाला. त्यानंतर जन्मभर सासूबाई मला वाढायच्या आणि भाजी कशी झाली, हे बायकोला विचारायच्या.