लोर्ना टॅकेटचा वाढता आकडा

लोर्ना टॅकेट कुणाच्याही घरी गेली की आधी सिंकमधली भांडी घासायला घ्यायची. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात, जिथे मुलांची हेळसांड किंवा मारहाण झाली अशा घरांत दर आठवड्याला जायचं, आईबापांना वळण लावायचं आणि मुलं घरातच राहतील असं बघायचं, ही तिची सरकारी नोकरी. वरिष्ठ बाई चिडायच्या, "आपण सल्ला द्यायला जातो, मोलकरीण म्हणून नाही." लोर्ना मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरापर्यंत फेसात. समोर बसवलं की माणूस खोटं बोलतो, शेजारी उभं करून ताटं पुसायला दिली की खरं, असं तिचं ठाम मत. समोरच्याला बोलायला ती फारशी फट ठेवत नसे, ही गोष्ट वेगळी. स्वतःच्या गुडघ्यापासून पाद्र्याच्या बायकोच्या फसलेल्या केकपर्यंत तिची टकळी चालूच.

तरी लोक तिच्यापाशी मोकळे व्हायचे, आणि तिथेच घोडं पेंड खायचं. ही मदत सुरू झाल्यावर वर्षभरात मुलांबद्दलची नवी तक्रार खरी ठरली, की ऑफिसात ते घर 'पुन्हा'मध्ये, म्हणजे मदत फसलेल्या घरांत, मोजलं जाई. ही मोजदाद वेंडेलकडे. कुणाच्या घरात कधी पाय न टाकलेला, पण भला माणूस.

"लोर्ना, यंदाही तूच पहिली!" तो म्हणायचा. "सगळ्यांत जास्त 'पुन्हा' तुझ्याच घरांत."

"मग माझा फोटो लाव की भिंतीवर!"

तिच्याकडच्या घरांतली एक तरुण आई, क्रिस्टल, हिच्या बाबतीत मात्र लोर्नाला असली थट्टा सुचत नव्हती. या पोरीने मुलाला मारणाऱ्या मित्राला हाकललं होतं, दारू सोडली होती. पण जज्जसाहेबांनी बजावलं होतं, आणखी एक तक्रार खरी ठरली तर दोन्ही मुलं परक्या घरी जातील.

आणि एका दुपारी क्रिस्टलची थोरली, जोसी, ताट पुसता पुसता म्हणाली, "आईने मला एकदा बर्फात बाहेर ठेवलं होतं. तुम्ही यायच्या आधी. माझ्या पायाचं बोट अजून बधिर आहे."

लोर्नाने हातातलं ताट फेसात सोडलं. असलं काही कानावर आलं की खात्याला फोन करून कळवायचं, हा कायदा. ऐकलंच नाही असं करायचा मोह तिला झाला, अगदी मनापासून झाला. पण पोरीच्या बोटाचं काय? ती मागच्या अंगणात गेली. क्रिस्टल कपडे वाळत घालत होती. लोर्नाने ऐकलं ते सगळं सांगितलं.

"फोन तू करतेस की मी करू?"

"माझ्या घरचा घेवडा आणि मक्याचा पाव खाल्लात तुम्ही, आणि आता हे?"

"खाल्ला. मीठ कमी होतं. फोन कोण करतंय?"

क्रिस्टलने तिला शिव्या घातल्या, रडली आणि मग स्वतःच फोन लावला.

चौकशी झाली. तक्रार खरी ठरली, पण जुनी. आईने स्वतः कळवलं म्हणून जज्जसाहेबांनी मुलं घरीच ठेवली. लोर्ना गाडीत बसून हमसाहमशी रडली. मग ऑफिसात गेली, तर वेंडेलच्या मोजणीत क्रिस्टलचं घर 'पुन्हा'मध्ये.

"अरे, ते माझ्या आधीचं आहे!"

"मला कळतं गं. पण मोजणीला फोनचा दिवस धरतात. साऱ्या राज्याला एकच नियम. तुझ्यासाठी बदलला तर ती मोजणी कसली?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर तिला जास्त संताप आला.

पुढच्या आठवड्यात ती जोसीला बोट दाखवायला डॉक्टरकडे घेऊन निघाली. वाटभर लोर्नाची टकळी चालू, त्यात वेंडेलच्या आकड्याचं गाऱ्हाणंही आलं, ते पोरीने ऐकलं.

"मिस लोर्ना, मी सांगितलं म्हणून आईचा आकडा खराब झाला?"

"आईचा कुठला? माझा झाला. आणि माझा तसाही कधी चांगला नव्हता. तू सांगितलंस ते बरं केलंस."

जोसी तिच्याकडे वळली.

"मग अजून एक आहे, तेही सांगू?"

लोर्नाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सांग, बाळा."