ओटीतले अक्रोड

आमच्या पुण्याच्या घरी अक्रोड ही खायची वस्तूच नव्हती. ओटी भरायची म्हटली की खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी आणि अक्रोड अशी पाच फळं पुडीतून यायची आणि त्यातला अक्रोड एका बाईच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत वर्षानुवर्षं फिरत राहायचा. लहानपणी मी तसला एक बत्त्यानं फोडून पाहिला. आत काळी भुकटी निघाली आणि आईनं पाठीत धपाटा घातला. देवाचं आहे ते, फोडायचं नसतं, म्हणाली.

नॉटिंगहॅमला आम्ही आलो ते दोन हजार सालाच्या सुमारास. नवरा कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याच्या परीक्षा झाल्या की परत जायचं असं ठरलं होतं. मी पुण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवत होते; इथं एका शाळेच्या लॅबमध्ये काचेची नळकांडी विसळत होते. परीक्षा झाल्या. मग त्याला जरा सीनियर पोस्ट मिळू दे, असं झालं. मग, इतकं चांगलं घर घेतलंय तर दोन वर्षं राहून तरी बघू. शेवटी एका रविवारी माझा तोल सुटला. आई तिकडे एकटी आहे, माझी नोकरी कायमची जाईल, तुझं ‘अजून थोडं’ संपतच नाही, असं बरंच काही बोलले. त्यावर तो मला गाडीत घालून शहराबाहेरच्या नर्सरीत घेऊन गेला. भांडण झालं की फिरवून आणायचं, ही त्याची जुनी युक्ती.

तिथं मला अक्रोडाचं रोप दिसलं. अक्रोडाचं झाड असतं, त्याला पानं असतात, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. नर्सरीवाल्यानं सांगितलं की हे कलमी आहे, चार-पाच वर्षांत धरतं. शिवाय ही थंडी सोसणारी जात. वसंतात सगळ्यात उशिरा जागी होते, म्हणून मे महिन्यात उशिरा पडणारं, पालवी जाळणारं गोठलेलं दंवही हिला सहसा मारत नाही. मी नवऱ्याला ओटीतल्या अक्रोडाची गोष्ट सांगितली. तो खूप हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

“लावू या हे. याला पहिले अक्रोड लागले ना, की ते घेऊन आपण घरी. आईंच्या हातात द्यायचे आणि तिथंच राहायचं. प्रॉमिस.”

परत जायची मुदत झाडावर टाकणारी माणसं जगात दुसरी नसतील. पण मला ते पटलं. माणसांच्या शब्दापेक्षा झाडाचा शब्द बरा, असं मला वाटलं. मागच्या बागेत कुंपणाजवळ आम्ही खड्डा खणला. मी त्या झाडाचे इतके लाड केले की आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला झाडाची सासू म्हणायच्या. हिवाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळा, कोवळी पालवी फुटली की वर झाडं झाकायची पांढरी फ्लीस. ती कमी पडली तर माझ्या जुन्या कॉटनच्या साड्या. शेजारी एकटेच राहणारे म्हातारे इंग्रज गृहस्थ होते. ते कुंपणावरून बघायचे आणि झाड आज फार छान नटलंय म्हणायचे.

झाड अंगापिंडानं भरलं. चौथ्या वसंतात हिरवे लोंबते तुरे आले. मे संपता संपता खालच्या एका फांदीवर मला वाटाण्याएवढी दोन फळं दिसली. मी त्याच दिवशी आईला फोन केला. आठवड्याभरात फळं गेली. नवरा म्हणाला, दंव. नाहीतर खार. वरच्या फांद्या शिडीवर चढून तोच तपासायचा, कारण मला तीन पायऱ्या चढल्या तरी भोवळ येते. खाली उतरून तो हताशपणे मान हलवायचा. पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. मी नर्सरीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, थंडी सोसणारी जात म्हणे. दरम्यान माझ्या कॉलेजनं माझी जागा भरली. बारावीच्या वर्गाला किती दिवस थांबवणार?

दरवर्षी जूनमध्ये नवऱ्याच्या बोटांवर काळपट तपकिरी डाग यायचे. आठ-आठ, दहा-दहा दिवस जायचे नाहीत. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, सिल्व्हर नायट्रेट. घोळणा फुटलेले पेशंट उन्हाळ्यात फार येतात, काडीनं नाकात डाग द्यावा लागतो, तेव्हा बोटांना लागतं. मी मान डोलावली. सिल्व्हर नायट्रेटनं कातडी काळी पडते हे मी स्वतः मुलांना वर्गात शिकवलं होतं. त्यानं खोटंसुद्धा माझ्या विषयातून निवडलं होतं.

एका जूनमध्ये मला सणकून सर्दी झाली म्हणून मी शाळेतून लवकर घरी आले. तो कामावर गेला होता. चहाचा चोथा टाकायला मी बागेतल्या कंपोस्टच्या डब्याचं झाकण उघडलं. कापलेल्या गवतात एक पिशवी खुपसलेली होती. तिच्यात हिरवीगार फळं होती, लिंबाएवढी, ताजी तोडलेली, देठासकट. काही क्षण मला खरंच कळलं नाही की हे कसलं फळ आहे. मी कुठं पाहिलं होतं ते? एक उचललं, नखानं टोचलं, तर पाणी आलं आणि बोटांना सर्दीतही कळेल असा तिखट, औषधी वास आला. मग वर झाडाकडे बघितलं. उंच फांद्यांवर जिथं जिथं देठ तुटला होता, तिथं तिथं ओल अजून चमकत होती.

मी पिशवी जशीच्या तशी परत ठेवली आणि झाकण लावलं. सकाळी उठले तेव्हा माझी बोटं काळी झाली होती. साबणानं जाईना, लिंबानं जाईना. नाश्त्याला तो टोस्टला लोणी लावत होता. मी माझा हात टेबलावर, त्याच्या हाताशेजारी ठेवला. एकाच दौतीत बुडवल्यासारखे दोन्ही हात दिसत होते.

“माझ्याही नाकातून रक्त आलं वाटतं,” मी म्हणाले.

त्यानं सुरी खाली ठेवली. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते.

“मला वाटलं, थोडी वर्षं गेली की तुझं मन रमेल. मला नाही जायचं गं परत. तुला सांगायचा धीरच होत नव्हता. दंव पडलं असं तूच म्हणालीस एकदा, मी फक्त नाही म्हटलं नाही.”

हे खोटं होतं. दंव त्यानंच पाडलं होतं. ‘मला नाही जायचं’ हे तीन शब्द तो त्या नर्सरीत बोलला असता तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित राहिलेही असते. त्यानं माझ्याकडून साड्या गुंडाळून घेतल्या. मी थंडीत कुडकुडत फ्लीस बांधायचे आणि तो खिडकीतून कॉफीचा कप दाखवून आत बोलवायचा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. एवढं प्रेमानं कापतात.

ऑक्टोबरात शेजारच्या म्हाताऱ्यांनी कुंपणावरून एक वाडगा पुढे केला. त्यांच्या शेडवर गेलेल्या फांदीचे अक्रोड होते, पिकून गळलेले, ओंजळभर. ते म्हणाले, दरवर्षीच पडतात, पण तुमचे मिस्टर म्हणाले की ठेवून घ्या, आमच्याकडे कुणी खात नाही. यंदा माझेच दात कामातून गेले म्हणून आणले. बिचाऱ्यांना काय माहीत. मी आभार मानले. घरात येऊन त्यातला एक फोडला. आत दुधाळ, भरदार गर होता. झाडानं दिलेला शब्द पाळला होता, आणि दरवर्षी पाळत आलं होतं.

डिसेंबरात मी एकटीच पुण्याला गेले. आता परत येणार नाही, असं नवऱ्याला विमानतळावर सांगून गेले. त्यानं बॅग ट्रॉलीवर चढवून दिली. पुण्यात पोचल्या पोचल्या मी अक्रोड आईच्या हातात दिले आणि सांगितलं की मी राहायला आलेय. आईनं ते खालीवर करून पाहिले, छान आहेत म्हणाली आणि देवापुढे ठेवले. राहण्याबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, तिला आनंद झालाय आणि तो ती दाखवत नाहीये. मी जुन्या मैत्रिणींना फोन केले, दोन क्लासेसमध्ये शिकवण्याची चौकशी केली.

स्वस्त पडतं म्हणून काढलेल्या परतीच्या तिकिटाची तारीख मी विसरून गेले होते. आईनं ती लक्षात ठेवली होती. त्या दिवशी सकाळी तिनं मला पाटावर बसायला सांगितलं. समोर ताट होतं. त्यात तांदूळ, नारळ, खण आणि माझे अक्रोड. लेक सासरी निघाली की आई भरते ती ओटी.

“त्यांचा फोन आला होता मला,” आई म्हणाली. “आत्ताच नाही, मागेच, तीनेक वर्षांपूर्वी. परत यायचं नाही म्हणाले, पण तिला एवढ्यात सांगू नका. मलाही तेच बरं वाटलं. बाई गं, तुझा संसार तिकडे आहे.”

विश्वास पानिपतात गेला म्हणतात. माझा आधी नॉटिंगहॅमला गेला होता, उरलेला त्या पाटावर गेला. फळं गेली म्हणून मी दर जूनमध्ये फोनवर रडायचे, तेव्हा आई ‘पुढल्या वर्षी येतील हो’ म्हणायची. तीसुद्धा.

मी पदर पुढे केला. आईपुढे पदर पसरल्यावर मागे घेता येत नाही, एवढं अजून अंगात मुरलेलं आहे. तिनं कुंकू लावलं, ओटी भरली, अक्रोड नारळाभोवती नीट रचले. मग रीतीप्रमाणे ओटीतले चिमूटभर तांदूळ माहेरी ठेवायचे असतात, लेकीनं पुन्हा यावं म्हणून. आईनं ताट पुढे केलं.

मी तांदूळ ठेवले नाहीत. अक्रोड तेवढे उचलून ताटात ठेवले, सगळे. “हे तुझ्या पुडीत घाल,” मी म्हणाले. “कुणी फोडायचे नसतात.”