प्रकाश, सेकंदाला पाच वेळा

मी निमोण्याची. शिरूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. आधीच्या स्थळाची एक चूक मी चहा देता देता दाखवली, तर 'मुलगी आगाऊ आहे' असा निरोप आला. आई माझ्याशी बोलेना. मी मात्र मनाशी पक्कं केलं की, 'चुकलं' म्हटल्यावर ज्याला राग येतो, त्याच्या घरात जन्म काढायचा नाही.

मग भांडगावचं स्थळ आलं. मुलगा कुरकुंभच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. सोबत त्याचे मामा, आणि सगळं बोलणं त्यांचंच. माझं शिक्षण, स्वयंपाक विचारून झाल्यावर ते मोठ्या मनानं म्हणाले, "आता पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या."

मी विचारलं. "नारिंगी प्रकाशाची तरंगलांबी सहा गुणिले दहाचा उणे सातवा घात मीटर. वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते काढा. पण भागाकाराची रेघ मारायची नाही, तरंगलांबीला उणे एक घात द्यायचा."

आईनं कपाळाला हात लावला. मुलानं खिशातलं पेन काढलं आणि टीपॉयवरच्या कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडणी केली. प्रकाशाचा वेग, तीन गुणिले दहाचा आठवा घात. पुढे कंसात तरंगलांबी, कंसावर उणे एक. इथवर झकास. मग कंस सोडवताना उणे एक सहाला दिला, पण दहावरचा उणे सात तसाच ठेवला. उत्तर आलं पाच.

"सेकंदाला पाच?" माझ्या तोंडून गेलंच. "पालीची शेपटी याहून जोरात वळवळते!"

मामा ताडकन उठले. "चल रं. पोरगी बघाया आलो का पेपर द्याया?"

हेही स्थळ गेलं! मुलगा कागदावर वाकलेला, खांदे गदगदत होते. तो हसत होता.

"थांबा मामा. आवो, ह्यो परकाश हाय का गोगलगाय? उणे एक सहाला लावला आन् दहाला इसरलो. उणे सातला उणे एक, म्हंजी अधिक सात!" त्यानं खोडून लिहिलं. पाचापुढे चौदा शून्यं, एका सेकंदात! पत्रिका माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "तपासा."

मला इतकं हसू फुटलं की हातातल्या कपातला चहा हिंदकळला. मला तो आवडला, अगदी बेहद्द आवडला.

दारात चपला घालताना मामा रीतीप्रमाणे म्हणाले, "बरं, कळवतो आमी."

"आपुन काय कळवायचं, मामा?" मुलगा माझ्याकडे वळला. "तुमी कळवा."

ते गेल्यावर वडील म्हणाले, दोन दिवस नीट विचार कर. मी मोबाईल उचलून त्यांच्या हातात दिला.

"गाडी फाट्यापर्यंतही गेली नसेल. आत्ताच लावा."